दिवेवालीचे स्वभावचित्र

टिपाबाईंना कुणी त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारल्याचं ऐकिवात नाही. सुडाचं ते जुनं पाच अंकी नाटक अभ्यासक्रमाला लागलं त्याला आता तीस वर्षं झाली, आणि तीसही वर्षं त्याच्यावरच्या टिपा बाईंच्याच. बाजारात इतरांची पुस्तकं आली आणि गेली. मुलं मात्र बाईंच्याच टिपा घोकत राहिली, परीक्षेत उतरवत राहिली, आणि परीक्षकही त्या ओळखून डोळे मिटून गुण देत राहिले. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी परीक्षा मंडळाला नमुना उत्तरं लिहायला आणि तपासलेले पेपर पुन्हा नजरेखालून घालायला बाईच लागत. ते जुन्या वळणाचं नाटक धड कळणारं दुसरं माणूसच उरलं नव्हतं. हे बाईंनाही पुरतं ठाऊक होतं, त्यामुळे नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. यंदा गुडघा आखडला म्हणून मंडळाने गठ्ठा घरपोच पाठवला होता.

नाटकाची गोष्ट तशी साधी. एका राज्याचा कारभारी एका तरुणाचा कपटाने जीव घेतो. त्या तरुणाची बहीण नाव लपवून त्याच कारभाऱ्याच्या घरी दिवे लावायच्या कामाला राहते. नऊ वर्षं ती रोज संध्याकाळी त्याच्या खोलीत दिवा घेऊन जाते आणि रोज त्याला जिवंत सोडून परत येते. पाचव्या अंकात ती त्याला मारते, घरातले सगळे दिवे लावते आणि नुसती बसून राहते. पडदा. नाटककाराने तिला नावच दिलेलं नाही, मुलं तिला दिवेवाली म्हणतात. ती नऊ वर्षं का थांबली, हा प्रश्न वर्षाआड फिरून येतो आणि बाईंच्या टिपांत त्याचं चार मुद्द्यांचं उत्तर आहे: भ्रातृप्रेम, धैर्य, संयम आणि योग्य वेळेची जाण. शेवटच्या त्या बसण्याला बाईंनी ‘कृतकृत्यतेची शांतता’ म्हटलं होतं. हे शब्द इतक्या पेपरांत वाचून झाले होते की ते आपलेच आहेत याचाही त्यांना विसर पडला होता.

बाई राहायच्या त्याच घराच्या वरच्या मजल्यावर त्यांची थोरली बहीण राहायची. आईने दोघींना एकेक मजला दिला होता. मध्ये सतरा पायऱ्या, आणि चौदा वर्षांचा अबोला.

झालं होतं असं. तेव्हा बाई पेपर तपासायला परगावी गेल्या होत्या आणि आई वर ताईकडे अंथरुणाला खिळलेली होती. एका दुपारी ताईचा फोन आला, की आई आज काही खात नाहीये. बाईंनी समोरचा गठ्ठा पाहिला आणि म्हणाल्या, एवढं दोन दिवसांत संपवून येते. त्यावर ताई म्हणाली, ‘बरं.’ दुसऱ्या दिवशी पहाटे आई गेली. बाई पोचल्या तेव्हा सगळं आटोपलेलं. त्यांनी ताईला एकच विचारलं, की ‘बरं’ का म्हणालीस, ‘आत्ताच्या आत्ता ये’ का नाही म्हणालीस? ताईने उत्तर दिलं नाही. तेव्हापासून बाईंनी ताईशी तोंड उघडलं नव्हतं. दोन दिवस आपणच मागितले होते हे त्यांना आठवत नव्हतं असं नाही, पण ते मनाच्या तळाशी लोटून वर ताईचं ते ‘बरं’ ठेवलं की भागायचं. माणसाचं असं भागतं, आणि वर्षानुवर्षं भागतं.

एका छपराखाली राहायचं म्हणजे टाकी, मीटर आणि जिना यांच्यापुरतं तरी बोलावं लागतंच. ताई जिन्यातल्या खिळ्याला चिठ्ठ्या अडकवायची. वर नाव नाही, खाली सही नाही. ‘बुधवारी मीटर बघायला माणूस येईल.’ आता ताईचा वार-तारखांचा घोळ हमखास, माणूस गुरुवारी यायचा असायचा. मग बाई हिरव्या शाईचं पेन काढायच्या. पहिला परीक्षक लाल शाईने गुण देतो आणि त्याच्या वरचा हिरव्या शाईने दुरुस्ती करतो, अशी मंडळाची रीत. ‘बुधवार’ खोडून त्यावर हिरवागार ‘गुरुवार’ लिहायचा आणि चिठ्ठी परत खिळ्याला लावायची. चौदा वर्षांत ताईला एक वार धड लिहिता आला नाही, याचं बाईंना मनातून फार बरं वाटायचं.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी सकाळी भाचा खाली आला. ताईचा हा एकुलता एक मुलगा, चाळिशी ओलांडलेला, दूरच्या शहरात नोकरीला. दारातूनच त्याने सांगितलं की आईचं खुब्याचं दुखणं वाढलंय, तिला जिना झेपत नाही, रविवारी सकाळी दहाला तिला घेऊन निघतोय आणि वरच्या मजल्याला आता कुलूप लागेल.

‘मला कशाला सांगतोस?’ बाई म्हणाल्या.

‘मग कुणाला सांगू, मावशी?’ तो म्हणाला, आणि सामान बांधायला वर निघून गेला.

बाईंनी दार लावलं आणि गठ्ठा पुढे ओढला. शनिवारी संध्याकाळी तो न्यायला मंडळाचा माणूस येणार होता. वर खोकी ओढल्याचे आवाज येत होते. ताई निघाली तर निघाली, आपलं काय जातंय, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. एकदा सांगून पटलं नाही म्हणून आणखी एकदा सांगितलं.

प्रश्न पंधरा गुणांचा होता: ‘दिवेवालीच्या भाषेच्या आधारे तिचे स्वभावचित्र रेखाटा.’ पेपरामागून पेपर भ्रातृप्रेम, धैर्य, संयम. बाईंचा हात सवयीने चालत होता. दुपारी तीनच्या सुमाराला एक पेपर आला, त्याच्यावर लाल शाईत तीन गुण आणि शेरा, ‘मुद्दे नाहीत.’ अक्षर बारीक होतं. पेपर कुणाचा, मुलाचा की मुलीचा, हे कळायची सोय नव्हती. नुसता क्रमांक.

त्या पेपरात लिहिलं होतं: ‘दिवेवालीचे भावावर प्रेम असेल, पण तिच्या भाषेत ते सापडत नाही. ती सतत “माझा भाऊ” म्हणते. तो कसा दिसायचा, कसा हसायचा, यातले एक अक्षरही ती बोलत नाही. कारभाऱ्याबद्दल मात्र तिला सगळे माहीत आहे. दुसऱ्या अंकात ती सांगते, की तो झोपण्यापूर्वी तीनदा खोकतो आणि मग पाणी मागतो. तिसऱ्या अंकात, की उजव्या कुशीवर वळला की त्याचा श्वास शीळ घालतो. चौथ्या अंकात, की हल्ली त्याने मीठ सोडले आहे. मला वाटते, भावाचा चेहरा ती केव्हाच विसरली आहे. तिला या जगात आता ओळखीचा असा तो एकच माणूस आहे. म्हणून ती नऊ वर्षे थांबते. शेवटी ती दिवे लावून बसते, कारण ती त्याच्या खोकल्याची वाट बघत असते. तिला दुसरे कुणी नव्हते.’

बाईंचं डोकं फिरलं. तीस वर्षं ज्या नाटकावर आपण हुकमत गाजवली त्याच्यावर कालच्या पोराने असं काहीबाही लिहावं? त्यांनी कपाटातून आपली जीर्ण झालेली प्रत काढली, चष्मा पुसला, आणि त्या पोराला खोटं पाडायचंच असं ठरवून पहिल्या अंकापासून वाचायला बसल्या. भावाबद्दलची एक तरी खूण सापडली असती तर काम झालं असतं. त्याचे केस, त्याची चाल, लहानपणीचं एखादं भांडण, काहीही चाललं असतं. सत्तावीस वेळा ‘माझा भाऊ’ सापडला. सत्ताविसाव्यांदाही नुसता भाऊच. खोकला, शीळ आणि मीठ मात्र पोराने लिहिलं होतं त्या त्या जागी हजर होतं. बाईंच्याच हाताने, शिसपेन्सिलीने, त्या ओळींखाली रेघा मारलेल्या होत्या आणि समासात लिहिलं होतं, ‘शत्रूवर पाळत. सावधपणा.’



वर ताईची खुर्ची दोनदा सरकली. म्हणजे ती खिडकीशी बसली. चार वाजले असणार, बाईंनी न बघताच ओळखलं. पडदा सरकतो सकाळी साडेसहाला. डावा पाय गेल्या पावसाळ्यापासून घासत पडतो. रेडिओवरच्या बातम्या ऐकते आणि बाजाराचे भाव लागले की बंद करते. मंगळवारी डोकं धुते, तेव्हा बादली ठेवल्याचा आवाज मोठा येतो. दोन महिन्यांपासून दुपारची झोपत नाही. बाईंना हे सगळं ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असल्याचं आज पहिल्यांदा ठाऊक झालं.

मग त्यांनी आईचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. जिच्यासाठी हा चौदा वर्षांचा अबोला धरला होता, ती आई. कपाटावरचा फोटो डोळ्यांपुढे आला, पण तो फोटो होता. आवाज कसा होता? हसायची कशी? हाक कशी मारायची? बाई डोळे मिटून बसल्या आणि त्यांना काही म्हणजे काही आठवेना. ‘माझी आई’ एवढे दोन शब्द तेवढे होते. तेव्हा बाई घाबरल्या. एकटेपणाची त्यांना सवय होती, त्याचा तोराही होता, पण घरात आईसुद्धा नाही हे त्यांना आज कळलं.

वर जायला हवं होतं. बाईंना ते कळत होतं, आणि जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. चौदा वर्षांनी दार वाजवून काय बोलायचं? ताईने दार लावून घेतलं तर? त्यांनी गठ्ठ्याकडे पाहिलं. अजून साठ पेपर होते. एवढे संपवू आणि मग जाऊ, रविवारला अजून दोन दिवस आहेत, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते ‘दोन दिवस’ कानावर आदळल्यासारखे वाटून त्या ताडकन उठल्या. चप्पल घालायचंही सुचलं नाही. जिन्याच्या कठड्याला धरून, मधे दोनदा थांबून, त्या सतरा पायऱ्या चढल्या.

दार उघडंच होतं. भाचा दोऱ्या आणायला बाहेर गेला होता. खोक्यांच्या गराड्यात ताई खिडकीशी बसली होती. बाईंच्या मनात जी ताई होती तिच्यापेक्षा ही पुष्कळच लहानखुरी होती.

‘गुडघा दुखत असताना कशाला चढलीस?’ ताई म्हणाली. ‘सकाळी न्हाणीतून येताना भिंत धरतेस ना हल्ली?’

‘तुला काय माहीत?’

‘तू भिंत धरलीस की माझ्या इथलं कपाट वाजतं.’

बाई एका खोक्यावर बसल्या. येताना जे काही जुळवलं होतं ते सगळं पायऱ्यांवरच सांडलं होतं.

‘ताई, आई हसायची कशी गं? मला आठवतच नाहीये.’

ताईने उजवा हात उचलून आपल्या तोंडावर आडवा धरला. ‘अशी. पुढचा दात पडला होता ना, तो दिसू नये म्हणून.’

आणि बाईंना आई दिसली. आडवा हात, बोटांच्या फटीतून सुटणारं हसू आणि मागे हटणारी मान, सगळं दिसलं. बाई रडल्या, चांगल्या हुंदके देऊन रडल्या. ताईने त्यांना रडू दिलं. मग खाली बघत म्हणाली, ‘त्या दिवशी मलाही वाटलं, दोन दिवस आहेत. चुकले मी. तू विचारलंस तेव्हा हे तोंडातून निघालं नाही, आणि मग निघेचना.’

‘दोन दिवस मीच मागितले होते,’ बाई म्हणाल्या. चौदा वर्षांत हे त्यांनी स्वतःलाही एवढं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी आणि शनिवारी बाईंनी गठ्ठा वर नेला आणि खोक्यांवर मांडून पेपर पाहिले. लगेच काही गोडीगुलाबी झाली नाही. कढई कुणाची यावरून शुक्रवारी दुपारी दोघींचं असं वाजलं की भाचा गॅलरीत जाऊन उभा राहिला. पण ते भांडण तोंडाने झालं, चिठ्ठीने नाही. बाईंनी ताईला दिवेवालीची गोष्ट सांगितली आणि तो पेपरही वाचून दाखवला. गुपित फोडण्याचा हा त्यांच्या उभ्या आयुष्यातला पहिला गुन्हा. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की मारण्याऐवजी तिने त्याला एकदा विचारलं का नाही, की बाबा, इतका का खोकतोस? बाई म्हणाल्या, असं केलं तर पाच अंक व्हायचे नाहीत.

त्या पेपरावरचे लाल तीन त्यांनी खोडले आणि हिरव्या शाईने तेरा लिहिले. एवढा फरक केला की कारण द्यावं लागतं. कारणाच्या चौकटीत त्यांनी लिहिलं: ‘विद्यार्थ्याने नाटक वाचलेले आहे. नमुना उत्तर अपुरे आहे.’ आणि खाली सही केली. नमुना उत्तराखालीही तीच सही होती.

शनिवारी संध्याकाळी, मंडळाचा माणूस गठ्ठा घेऊन गेल्यावर, बाईंनी जरा चिडवायचं म्हणून विचारलं, ‘इतकी वर्षं वार काय चुकवत होतीस गं? घरात कॅलेंडर नव्हतं का?’

‘होतं की,’ ताई म्हणाली. ‘मीटरवाला गुरुवारीच येतो, हे मला काय ठाऊक नव्हतं? बरोबर लिहिलं असतं तर तू चिठ्ठी वाचलीस की नाही हे मला कसं कळलं असतं? सकाळी खिळ्याला हिरवं दिसलं की बरं वाटायचं. म्हणायचे, बारकी ठीक आहे.’

बाईंना बारकी म्हणणारं आता जगात हे एकच माणूस होतं.

रविवारी दहाला गाडी आली. ताईला पायऱ्या उतरायला पाव तास लागला. भाच्याने एका बाजूने धरलं आणि बाईंनी दुसऱ्या. दोघींच्या गुडघ्यांचा आणि खुब्याचा हिशेब जमवताना तिघांनाही हसू आलं. गाडीत बसल्यावर ताईने काच खाली केली आणि सांगितलं, की वरच्या कुंड्यांना पाणी घाल, पण फार नको. गाडी वळून गेली. बाई घरात आल्या आणि त्यांनी गॅसवर दूध ठेवलं. ते उतू गेल्यावर त्यांना कळलं, की आपण मघापासून छताकडे बघतोय.

सोमवारी साडेसहाला त्यांना जाग आली. पडदा सरकला नाही. चारला खुर्ची सरकली नाही. बाईंनी रेडिओ लावून पाहिला, बाजारभाव लागल्यावर तो बंद केला आणि आपण हे काय करतोय म्हणून स्वतःवरच वैतागल्या. नाटकातली दिवेवाली त्या खोलीत कशी बसली असेल, ते त्यांना आता कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. फरक एवढाच की आपलं माणूस जिवंत आहे आणि शहाण्यासारखं मुलाकडे गेलंय. पण कानाला ते कुठलं कळायला?

कुंड्यांना पाणी घालायला म्हणून त्या वर निघाल्या, तर जिन्यातल्या खिळ्याला चिठ्ठी. निघण्याआधी ताईने ती भाच्याकरवी लावून घेतली असणार, काल गडबडीत बाईंना दिसली नव्हती. ताईचं तेच मोठं, सैल अक्षर:

‘एकतीस जूनला येईन.’

बाई तिथेच पायरीवर बसल्या. मग गाऊनच्या खिशातून हिरवं पेन काढून त्यांनी ‘एकतीस’ खोडलं, वर ‘तीस’ लिहिलं, उठून चिठ्ठी खिळ्याला लावली, आणि लावल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की ती वाचायला आता वरून कुणी उतरणार नाही.

त्या तशाच खाली आल्या आणि भाच्याचा नंबर फिरवला. फोन ताईनेच उचलला.

‘जूनला तीसच दिवस असतात, ताई.’

त्या खुब्याने आणि त्या वयात एवढा प्रवास करून, पुन्हा सतरा पायऱ्या चढून ताई येईल, हे दोघींनाही खरं वाटत नव्हतं. तरी ताई म्हणाली, ‘मग तीसला येते.’

‘बरं,’ बाई म्हणाल्या.

तो शब्द त्यांच्या स्वतःच्याच कानात वाजला. त्यांनी फोन घट्ट धरला आणि ताईने ठेवून द्यायच्या आत घाईघाईने म्हणाल्या, ‘तीसपर्यंत नको. मीच येते. परवा निघते.’